खड्डा बुजतो, दफ्तर कुठे जातं?

एक साधा प्रश्न. शाळेत इनामगावबद्दल जे शिकलो, ते खरं आहे का हे कुणाला स्वतः तपासायचं असेल, तर त्याने कुठे जायचं?

इनामगाव आठवत नसेल तर थोडक्यात सांगतो. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी हे गाव आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे बारा हंगाम उत्खनन केलं. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर, झेड. डी. अन्सारी ही त्यातली मोठी नावं. साधारण इसवी सनापूर्वी १६०० ते ७०० अशी नऊशे वर्षं तिथे शेतकऱ्यांची वस्ती होती. १३४ घरांचे अवशेष मिळाले आणि दोनशेहून जास्त दफनं मिळाली. लहान मुलांना दोन रांजणांची तोंडं एकमेकांना लावून घराच्या जमिनीखालीच पुरलेलं होतं. बऱ्याच मोठ्या माणसांचे पाय घोट्याच्या वर तोडलेले होते. आणि पाच खोल्यांच्या एका मोठ्या घराच्या अंगणात, चार पायांच्या मातीच्या रांजणात, बसवून पुरलेला एक चाळिशीचा पुरुष होता. त्याचे पाय मात्र शाबूत होते.

एनसीईआरटीच्या सहावीच्या पुस्तकात हा माणूस कित्येक वर्षं भेटत होता. तो गावचा प्रमुख असावा, असा निष्कर्ष निघाला. का? तर घर मोठं, शेजारी धान्याचं कोठार, दफन इतरांपेक्षा वेगळं. तर्क छान आहे. पण घर, कोठार आणि रांजण एकाच काळातले आहेत हे कशावरून? मातीच्या थरांवरून. थर कुणी पाहिले? त्या दिवशी ट्रेंचमध्ये उभ्या असलेल्या माणसाने. त्याने ते कुठे लिहिले? त्याच्या वहीत, छेदचित्रात, फोटोच्या मागे, खापराच्या पिशवीतल्या चिठ्ठीवर.

म्हणजे प्रमुखाचा पुरावा रांजणात नाही. तो वहीत आहे.

हे सगळं मिळून उत्खननाचं दफ्तर होतं: रोजच्या नोंदींच्या वह्या, आराखडे, छेदचित्रं, फोटो आणि त्यांच्या निगेटिव्ह, वस्तूंची नोंदबुकं, मातीचे आणि कोळशाचे नमुने, हाडं, आणि काचेच्या कपाटात कधीच न जाणारी हजारो साधी खापरं. माझं म्हणणं एका वाक्यात असं: हे दफ्तर कुठल्या संग्रहालयात जमा होणार, हे कुदळ मारण्याआधी ठरलेलं असलं पाहिजे, आणि ठरलेलं नसेल तर कुदळ मारू देता कामा नये.

मला यात काय पडलंय?

मी पुरातत्त्वज्ञ नाही. इंजिनिअरिंग केलं, कोड लिहितो, मुळशी तालुक्यातल्या नेरे गावात राहतो. हिंजवडीचं आयटी पार्क, मग मारुंजी, मग आम्ही. आमच्याकडे एका बाजूला भात उभा असतो आणि दुसऱ्या बाजूला टॉवरचा पाया खणायला जेसीबी उभा असतो. मी ज्या जमिनीवर राहतो ती माझ्या डोळ्यांदेखत सहा-सात मीटर खोल उकरली जातेय आणि ती माती डंपरमधून भरावाला जातेय. त्यात खापर आहे का, हे बघायला कुणी उभं राहत नाही. म्हणून जिथे कुणीतरी उभं राहिलं होतं, हातात ब्रश घेऊन, उन्हात, वही सांभाळत, तिथल्या नोंदी तरी नीट ठेवाव्यात असं मला वाटतं. हा माझा पहिला स्वार्थ.

दुसरं कारण माझ्या धंद्यातलं आहे. सॉफ्टवेअरमध्ये दोन गोष्टी असतात. एक, जी ग्राहकाला मिळते ती चालणारी फाइल. दुसरी, ती ज्यातून तयार झाली तो सोर्स कोड, त्यातल्या प्रत्येक बदलाच्या नोंदीसकट. पहिली गोष्ट हातात असली की सगळं आलबेल वाटतं. मग एखादा बग सापडतो, आणि कळतं की कोड लिहिणारा माणूस तीन वर्षांपूर्वी सोडून गेला, त्याचा लॅपटॉप पुसून दुसऱ्याला दिला, आणि बदल का केला होता हे कुठेच लिहिलेलं नाही. मी काम केलेल्या एका कंपनीत हे घडलं. अख्खी टीम दोन महिने अंदाज बांधत बसली होती.

उत्खननाचा छापील अहवाल ही चालणारी फाइल आहे. दफ्तर हा सोर्स कोड आहे. फरक एवढाच की आमचा कोड हरवला तर पुन्हा लिहिता येतो. खणलेला थर पुन्हा खणता येत नाही. पुरातत्त्व हे बहुधा एकमेव शास्त्र असावं जे आपला प्रयोग करताना आपलाच पुरावा संपवत जातं. अशा शास्त्रात वही ही प्रत नसते, वही हीच मूळ असते.

मराठी माणसाला दफ्तर शिकवावं लागू नये

आपल्याकडे हा मुद्दा शंभर वर्षांपूर्वीच लढून झालाय. वि. का. राजवाडे गावोगाव, वाड्यावाड्यांत फिरून जुने कागद गोळा करत होते ते कशासाठी? १८९८ पासून त्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापायला घेतली, आणि त्याचे बावीस खंड झाले. नावातला शब्द बघा. साधने. आधी कागद जसेच्या तसे लोकांपुढे ठेवा, मग निष्कर्षावर भांडा. १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ निघालं तेही याच आग्रहातून.

पुण्यातल्या पेशवे दफ्तराचं उदाहरण घ्या. रुमालांत बांधलेले लाखो मोडी कागद. इंग्रजांच्या काळात ते अभ्यासकांना सहज बघायला मिळत नसत, त्यावरून वर्षानुवर्षं कटकट चालली. शेवटी गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० च्या दशकात निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग निघाले. आज एखादा लेखक पानिपतावर काहीही लिहू शकतो, पण दुसरा कुणी ‘कागद दाखव’ म्हणू शकतो. त्या एका वाक्यामुळे मराठी इतिहासलेखन बखरीतून बाहेर आलं.

मग अडीचशे वर्षांपूर्वीच्या कागदाला आपण दफ्तर म्हणतो, बांधून ठेवतो, त्याच्यावरून भांडतो. आणि तीन हजार वर्षांपूर्वीच्या गावाचा एकमेव लेखी पुरावा असलेली १९६८ ची वही म्हणजे ‘सरांच्या कपाटातले जुने कागद’ का? इनामगावच्या माणसांना लिहिता येत नव्हतं. त्यांची बखर लिहिणारा एकच माणूस होता, ट्रेंचमधला. आणि त्याच्या वहीला आपण रुमालसुद्धा देत नाही.

संदर्भ सुटला की काय होतं

याचं सर्वांत महाग उदाहरण महाराष्ट्रातच आहे. १९७४ साली अहमदनगर जिल्ह्यात दायमाबादला झाडाची मुळं खणताना एका भिल्ल शेतकऱ्याला चार कांस्यमूर्ती सापडल्या. बैलगाडीसारखा रथ आणि तो हाकणारा माणूस, हत्ती, गेंडा, रेडा. सगळ्या मिळून साठ किलोच्या वर वजन. भारतीय प्रागितिहासातलं हे थोर शिल्प. त्यानंतर तिथे पद्धतशीर उत्खननं झाली, अहवालही आला. पण या मूर्ती नेमक्या कुठल्या थरातून आल्या, त्यांच्या आजूबाजूला काय होतं, हे पाहायला त्या क्षणी तिथे कुणी नव्हतं. परिणाम? त्या उत्तर-हडप्पा काळातल्या की बऱ्याच नंतरच्या, यावर विद्वानांचा वाद चालूच राहिला. साठ किलो कांसं हातात आहे, आणि त्याच्याबद्दल खात्रीने बोलायला लागणारी एक चिठ्ठी नाही.

यात त्या शेतकऱ्याचा दोष नाही. त्याने मूर्ती वाचवल्या. तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावातल्या आणि शेतातल्या वस्तू आयुष्यभर जमवल्या, त्यांच्या नावाचं सरकारी संग्रहालय आज तिथे उभं आहे. त्यांचेही आपल्यावर उपकारच आहेत. मुद्दा असा की वस्तू वाचली तरी संदर्भ आपोआप वाचत नाही. दायमाबादला संदर्भ मिळालाच नाही, ते दुर्दैव म्हणू. पण जिथे सरकारी परवान्याने, सरकारी पैशाने, शास्त्रीय पद्धतीने खणलं, संदर्भ मिळाला, लिहिला गेला, आणि मग ती वही निवृत्तीनंतर घरी गेली, घर पाडताना रद्दीत गेली, तर त्याला दुर्दैव म्हणायचं नाही. त्याला निष्काळजीपणा म्हणायचं. कारण आपण स्वतःच्या हाताने दायमाबाद तयार केलं.

कायदा काय म्हणतो? गंमत म्हणून वाचा

१९७२ च्या पुरावस्तू आणि कलानिधी अधिनियमानुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू ही पुरावस्तू. शास्त्रीय किंवा ऐतिहासिक मोलाचं हस्तलिखित किंवा दस्तऐवज असेल तर पंचाहत्तर वर्षं पुरे.

आता हिशेब करा. इनामगावच्या खापराच्या तुकड्याला कायद्याचं संरक्षण आहे. ते खापर कुठे सापडलं हे सांगणारी १९६८ ची वही मात्र २०४३ सालापर्यंत पुरावस्तू होऊच शकत नाही. तोपर्यंत ती फक्त वही आहे. वाळवीला आणि रद्दीवाल्याला पंचाहत्तर वर्षांची मुदत दिलेली आहे.

उत्खननाला केंद्रीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा परवाना लागतो. परवाना घेणाऱ्याने अहवाल द्यायचा, हे नियमात आहे. प्रत्यक्षात काय होतं? महालेखापरीक्षकांनी २०१३ च्या अहवालात पुरातत्त्व खात्याचे वाभाडे काढले, त्यातली ‘९२ स्मारकं जागेवर सापडली नाहीत’ ही ओळ तेवढी गाजली. त्याच अहवालात दशकानुदशकं न लिहिल्या गेलेल्या उत्खनन अहवालांबद्दलही ताशेरे होते. त्यावर मीम झालं नाही. कित्येक उत्खननांची आपल्याला असलेली सगळी ओळख म्हणजे ‘इंडियन आर्किऑलॉजी : अ रिव्ह्यू’ या सरकारी वार्षिकातले दोन-तीन परिच्छेद.

अहवाल लिहिण्याआधी खणणारा माणूस वारला तर? बदली झाली तर? अहवाल नाही आणि दफ्तर कुणाच्या ताब्यात हेही ठरलेलं नाही, अशा जागेचं काय झालं म्हणायचं? सरळ भाषेत सांगायचं तर ती जागा आपण नष्ट केली. दरोडेखोराने केली असती तर गुन्हा नोंदवला असता.

महाराष्ट्रात तर गोष्ट सोपी असायला हवी. आपल्या राज्यात पुरातत्त्व आणि वस्तुसंग्रहालये यांचं एकच संचालनालय आहे. खणणारं आणि ठेवणारं, दोन्ही एका पाटीखाली. ‘खणलंत तर इकडे जमा करा’ एवढं वाक्य एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायचं आहे.

जपलं तर काय मिळतं

इनामगावकडे पुन्हा येतो, कारण ती आशेची बाजू आहे. डेक्कन कॉलेजने तिथले सांगाडे जपून ठेवले. १९८६ मध्ये लुकाक्स आणि वाळिंबे यांचा त्यावरचा खंड आला, १९८८ मध्ये मुख्य अहवाल. इथेच कपाट बंद करता आलं असतं. पण सांगाडे होते म्हणून ग्वेन रॉबिन्स शुग या अमेरिकन अभ्यासिकेने नेवासे, दायमाबाद आणि इनामगाव इथल्या लहान मुलांच्या हाडांचा नव्याने अभ्यास केला आणि २०११ मध्ये पुस्तक लिहिलं. मुलांची वाढ कशी खुंटत गेली, पोषण कसं घसरलं, हे तिने मांडलं; आणि ही गावं कोरड्या हवामानामुळे उठली, या जुन्या मांडणीला प्रश्न विचारले. म्हणजे उत्खनन थांबल्यानंतर जवळजवळ तीस वर्षांनी इनामगाव पुन्हा बोललं. एक टोपली माती न खणता.

जगातही हेच दिसतं. मोहेंजोदडोचं मोठं उत्खनन १९२० च्या दशकात झालं. १९७९ पासून मिखाएल यान्सेन यांच्या जर्मन चमूने जुनी नोंदबुकं, फोटो, आराखडे यांवरून वस्तू पुन्हा आपापल्या खोल्यांत बसवून पाहायला घेतल्या. अर्धशतकापूर्वीच्या नोंदीत वस्तू कुठे सापडली हे लिहिलेलं होतं, म्हणून ते जमलं. त्याच मोहेंजोदडोच्या वस्तू १९४७ मध्ये भारत-पाकिस्तानात वाटल्या गेल्या, तेव्हा हारांचे मणीसुद्धा मोजून अर्धे-अर्धे केले. हार तुटला, पण तो मुळात एक हार होता हे आपल्याला कळतं, कारण ते लिहून ठेवलेलं होतं.

१९६८ साली प्राचीन डीएनए ही गोष्टच अस्तित्वात नव्हती. एका दाण्यावरून कार्बन तारीख काढता येत नव्हती. भांड्याच्या मातीत मुरलेल्या चरबीवरून त्यात काय शिजलं हे ओळखता येत नव्हतं. सिंधू संस्कृतीच्या भांड्यांवर असा मोठा अभ्यास २०२० मध्ये आला. २०६० मध्ये काय करता येईल हे आज सांगता येत नाही. म्हणूनच ‘हे साधं खापर कशाला ठेवायचं’ हे ठरवायचा अधिकार आजच्या माणसाला नाही. आणि कुठल्या थरातलं ते ठाऊक नसलेलं खापर साठवण्यातही अर्थ नाही. वस्तू आणि वही यांची ताटातूट झाली की दोन्ही मुक्या होतात.

‘पण’वाल्यांना उत्तरं

पहिला पण: संग्रहालयात जागा नाही.
खरं आहे. लंडनलाही हेच झालं. तिथे इमारत बांधणाऱ्यानेच उत्खननाचा खर्च द्यायचा अशी पद्धत १९९० नंतर रुळली आणि खोके वाढतच गेले. उपाय काय काढला? काचेची कपाटं वाढवली नाहीत. लंडनच्या संग्रहालयाने उत्खननांच्या दफ्तरासाठी वेगळं कोठार केलं, २००२ मध्ये ते लोकांना खुलं झालं. इंग्लंडमध्ये ठरलेल्या मापाचे खोके असतात, संग्रहालयाचा क्रमांक काम सुरू होण्याआधी घ्यावा लागतो, आणि बऱ्याच ठिकाणी खोक्यामागे शुल्क भरावं लागतं. काही खोके तर चेशायरमधल्या मिठाच्या खाणीत ठेवतात, कारण तिथे हवा कोरडी असते. तिथेही सगळं सुरळीत नाही, काही भागांत दफ्तर घ्यायला संग्रहालयच उरलेलं नाही. पण निदान तो प्रश्न म्हणून मोजला जातो. आपल्याकडे चाकणला मैलोन्मैल गोदामं आहेत, त्यांत टीव्ही आणि टायर कोरडे राहतात. एका जिल्ह्याच्या उत्खननांना कोरडं गोदाम, रॅक आणि दोन माणसं, हे राज्याला परवडत नाही हे मी मानायला तयार नाही. स्मारकांच्या लाइट-अँड-साउंड शोला पैसा असतो.

दुसरा पण: स्कॅन करून टाका.
हे मला सर्वांत जास्त ऐकायला मिळतं, कारण मी आयटीतला. स्कॅन जरूर करा. पण स्कॅन म्हणजे जतन नाही. ‘आयएमजी ०००१’ नावाच्या चाळीस हजार फाइली हार्डडिस्कमध्ये टाकल्या तर तो डिजिटल उकिरडा होतो. कुठला फोटो कुठल्या ट्रेंचचा, कुठल्या दिवसाचा, कुठल्या पानाशी जोडलेला, ही जोडणी म्हणजे दफ्तर. शिवाय हार्डडिस्क मरते, सॉफ्टवेअर बंद पडतं, सर्व्हरचं बिल भरायला कुणीतरी विसरतं. २०१२ मध्ये मंत्रालयाला आग लागली तेव्हा एकच प्रत ठेवण्याचा अर्थ सगळ्या राज्याने टीव्हीवर पाहिला. साध्या, उघड्या फॉरमॅटमध्ये, दोन वेगळ्या शहरांत प्रती, आणि दर काही वर्षांनी त्या उघडतात का हे तपासणारा पगारी माणूस, एवढं असेल तर डिजिटल म्हणा. ब्रिटनमध्ये यॉर्कला १९९६ पासून फक्त पुरातत्त्वाच्या डिजिटल नोंदी सांभाळणारी संस्था चालू आहे. आपल्याकडे कौशल्य नाही असंही नाही. पुण्याच्याच सी-डॅकने संग्रहालयांसाठी ‘जतन’ नावाची प्रणाली तयार केली आणि राष्ट्रीय संग्रहालयांनी ती वापरली. त्या पोर्टलवर तुम्हाला मूर्ती दिसते, तिचा फोटो दिसतो. आता ती ज्या ट्रेंचमधून आली त्या ट्रेंचचं पान तिच्या शेजारी दिसलं पाहिजे. तांत्रिकदृष्ट्या हे अवघड नाही, हे मी माझ्या पोटापाण्याच्या धंद्याच्या जोरावर सांगतो.

तिसरा पण: ज्याने कष्ट केले त्याचा हक्क आहे.
आहेच. चाळीस अंशांच्या उन्हात पाच हंगाम काढणाऱ्या माणसाच्या आधी दुसऱ्याने त्यावर शोधनिबंध छापावा, हे मलाही पटत नाही. म्हणून त्याला पाच वर्षं द्या. दफ्तर जमा होईल, यादी जाहीर होईल, आतला मजकूर पाच वर्षं फक्त त्याचा. त्यानंतर सगळ्यांचा. पण हक्क म्हणजे मालकी नव्हे. परवाना लोकांचा, पैसा बहुतेक वेळा लोकांचा, जमिनीखालचा इतिहास लोकांचा, आणि वही तेवढी माझी, हे गणित जुळत नाही.

चौथा पण, जो कुणी मोठ्याने बोलत नाही: उघडं ठेवलं तर चुका दिसतील.
हो, दिसतील. कुठल्याही पाच वर्षांच्या कामात चुका असतातच. ज्या वहीत खाडाखोड दिसते ती वही प्रामाणिक. मला भीती उलटी वाटते. तमिळनाडूतल्या कीळडीचं बघा. २०१४-१५ पासून तिथे उत्खनन सुरू झालं, पुरातत्त्वज्ञाने जानेवारी २०२३ मध्ये सविस्तर अहवाल दिला, आणि मे २०२५ मध्ये सर्वेक्षणाने तो तारखांसह सुधारायला सांगितला. त्यावरून राज्य आणि केंद्र यांच्यात राजकारण पेटलं. या वादात तुम्ही-मी कुणाच्या बाजूने? खरं सांगा, आपण आपल्या आवडत्या पक्षाच्या बाजूने. कारण प्रत्येक ट्रेंचच्या नोंदी उघडून ‘हा थर, हा कोळसा, ही तारीख’ असं बोटाने दाखवायची सोय नाही. दफ्तर बंद असतं तिथे पुराव्याच्या जागी निष्ठा येऊन बसते. व्हॉट्सॲपवर दर आठवड्याला आपला इतिहास दोन-पाच हजार वर्षांनी मागे जातो. त्याला खोडून काढायला ‘तज्ज्ञ म्हणतात’ हे पुरत नाही. ‘कागद दाखव’ हेच पुरतं.

मग काय करायचं

मागण्या मोजक्या आहेत, आणि एकाही मागणीला घटनादुरुस्ती लागत नाही.

एक, उत्खननाच्या परवान्याच्या अर्जासोबत संग्रहालयाचं संमतिपत्र जोडणं सक्तीचं करा. कुठलं संग्रहालय, किती खोके, कुणाचा खर्च, हे आधी ठरू दे.

दोन, प्रत्येक उत्खननाच्या अंदाजपत्रकात ठेवण्याचा खर्च वेगळा दाखवा आणि तो दुसरीकडे वळवायला बंदी घाला.

तीन, काम थांबल्यापासून पाच वर्षांत दफ्तर जमा झालंच पाहिजे. अहवाल झाला असो वा नसो. जमा केलं नाही तर त्या संस्थेला पुढचा परवाना नाही.

चार, उत्खननाच्या वह्यांना पंचाहत्तर वर्षांची अट लावू नका. खापर ज्या दिवशी नोंदलं जातं त्याच दिवशी त्याच्या वहीलाही तोच दर्जा द्या.

पाच, जुन्या दफ्तरांसाठी मोहीम काढा. राज्यात किती निवृत्त पुरातत्त्वज्ञांच्या घरी माळ्यावर पेट्या असतील, त्यांच्याकडे सन्मानाने जा, एकही टोचणारा प्रश्न न विचारता पेट्या घ्या, पावती द्या, आणि शक्य तर त्यांच्या शेजारी बसून हस्ताक्षर लावून घ्या. सांकलिया १९८९ मध्ये गेले, ढवळीकर २०१८ मध्ये गेले. त्या पिढीच्या विद्यार्थ्यांचे केसही आता पांढरे झालेत. अक्षर लावणारा माणूस गेला की वही अर्धी जाते.

सहा, सगळ्याची यादी इंटरनेटवर, मराठीत. शिरूरच्या मुलीला आपल्या गावाची वही कुठे आहे हे फोनवर कळलं पाहिजे.

तुम्ही म्हणाल, आम्ही काय करणार? दोन गोष्टी. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. आपल्या जिल्ह्यात झालेलं एक उत्खनन निवडा आणि संबंधित खात्याला विचारा: नोंदवह्या, आराखडे आणि निगेटिव्ह सध्या कुठे आहेत, कुणाच्या ताब्यात आहेत, त्यांची यादी आहे का? पन्नास तरुणांनी पन्नास जागांबद्दल हे विचारलं तरी राज्यात कुणालातरी पहिल्यांदा कपाट उघडावं लागेल. दुसरी गोष्ट आणखी सोपी. २०१९ मध्ये मेट्रोच्या कामात स्वारगेटला जुनं भुयार निघालं तेव्हा आपण सगळ्यांनी फोटो शेअर केले होते. अशी बातमी पुन्हा येईल, पुण्यात दर पावसाळ्याआधी येते. तेव्हा फोटोखाली ‘वॉव’ लिहू नका. विचारा: नोंद कुणी केली, आणि ती कुठे जमा होणार?

आमच्या नेऱ्यासारख्या गावांत पुढच्या दहा वर्षांत जेवढी जमीन उकरली जाईल तेवढी त्याआधीच्या तीन हजार वर्षांत उकरली गेली नसेल. ती सगळी वाचवता येणार नाही, हे मला मान्य आहे; मला राहायला फ्लॅट हवा आहे आणि हिंजवडीला जायला रस्ताही. पण जे थोडं कुणीतरी थांबून, बघून, लिहून ठेवलंय, तेही हरवू द्यायचं असेल, तर मग खणणाऱ्या विद्यापीठात आणि खणणाऱ्या जेसीबीत फरक एवढाच उरतो की जेसीबी लवकर आटोपतो.